दोषी मॅगझीन, शिक्षा जवानाला

रेंजवर पिस्तूल अडकलं की आरोपी आधीच ठरलेला असतो. फायरिंग पॉइंटवर उभा असलेला जवान. "कलाई ढीली है." "सफाई नहीं की होगी." "हथियार से डरता है." मागून उस्तादांचा आवाज येतो, जवान घाईघाईने स्लाइड मागे खेचतो, अडकलेला राउंड वाळूत पडतो आणि फायर पुढे सुरू. संध्याकाळी खाली खोखे मोजले जातात, पिस्तुलात चिंदी फिरते आणि सगळं कोतात जमा होतं. ज्या मॅगझिनने घोळ घातला तेही इमानदारीत आत जाऊन बसतं. पुढच्या फायरिंगला ते दुसऱ्या कुणाच्या हातात येतं, आणि मग त्याची कलाई ढिली ठरते.

हे मी आसामात पाहिलं, लडाखमध्ये पाहिलं आणि आता पश्चिम राजस्थानच्या वाळूतही पाहतोय. पोस्टिंग बदलतं, शिव्या देणाऱ्याचा रँक बदलतो, आरोपी तोच राहतो. माझी बरीचशी नोकरी वेपन ट्रेनिंगच्या आजूबाजूला गेली, म्हणून आज स्पष्ट लिहितो. पिस्तुलात राउंड नीट चढत नसेल तर सगळ्यात आधी मॅगझीन हातात घ्या. जवान, दारूगोळा आणि खुद्द पिस्तूल, या तिघांचा नंबर त्यानंतर. आपली पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. आणि ती अज्ञानामुळे उलटी आहे असं मला वाटत नाही. ती सोयीची आहे म्हणून आहे. जवानाला रगडा देता येतो. मॅगझिनला रगडा देता येत नाही, त्यासाठी कागद लिहावा लागतो.

आधी यंत्राचं बोलू. आपलं ९ मिलिमीटर पिस्तूल ऑटो १ए इशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं, पण घराणं ब्राउनिंग हाय-पॉवरचं. जॉन ब्राउनिंग १९२६ साली वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम बेल्जियमच्या एफएन कारखान्यातल्या द्यूदोने सेव्ह याने पुरं केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल तयार होऊन बाहेर आलं. या सेव्हचं मोठं काम कोणतं, तर तेरा राउंडांचं मॅगझीन. त्या काळात कोल्ट १९११ मध्ये सात राउंड मावत, जर्मनांच्या लुगरमध्ये आठ. सेव्हने राउंड दोन रांगांत बसवले आणि तरी मूठ हातात मावेल अशी ठेवली. म्हणजे या पिस्तुलाची मोठी करामत मुळात मॅगझिनमध्ये आहे. आणि आपण नेमकं त्यालाच किरकोळ सामान समजतो.

करामत जिथे असते तिथेच अडचणही असते. खाली दोन रांगा, वर एकच दरवाजा. लंगरसमोर दोन रांगा लागल्या आहेत आणि वाढणारा एकच आहे, असं समजा. सगळे शिस्तीत असतील तर काम फटाफट होतं. मधे कुणी कोपर मारलं की तिथेच गर्दी. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामा खोखा बाहेर फेकला जातो, आणि स्लाइड परत पुढे यायच्या आत मॅगझिनच्या स्प्रिंगला सगळी रांग एका राउंडाइतकी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, वर ढकलायची असते. वरचा राउंड मॅगझिनच्या ओठांखाली, ज्यांना आपण लिप्स म्हणतो, नेमक्या कोनात उभा पाहिजे. पुढे येणारी स्लाइड त्याच्या बुडाला ढकलते, टोक रॅम्पवर चढतं, बूड एक्सट्रॅक्टरच्या नखाखाली सरकतं आणि राउंड चेंबरमध्ये जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यात रॅम्प, चेंबर आणि एक्सट्रॅक्टर सहसा वर्षानुवर्षं तसेच राहतात, कारण ते जाड पोलादाचे आहेत. पत्र्याचे आहेत ते ओठ. थकते ती स्प्रिंग. सिमेंटवर आपटतं ते मॅगझीन.

म्हणून रोक पडली की ती वाचायची असते. फौजेच्या हिंदीत आपण रोक म्हणतो, शब्द छान आहे, पण आपण फक्त ती काढायला शिकवतो. अडकलेल्या राउंडाचं टोक कुठे आहे हे बघायला किती जणांना शिकवलंय?

टोक खाली, रॅम्पच्या पायथ्याशी अडकलं असेल तर राउंड पुरता वर आलेला नव्हता. स्प्रिंग कमजोर, नाहीतर मॅगझिनच्या आत घाण, नाहीतर प्लॅटफॉर्म तिरका होऊन भिंतीला घासतोय. टोक वर, चेंबरच्या माथ्याला टेकलं असेल तर ओठ फाकले आहेत का ते बघा, राउंड वेळेआधी सुटतोय. स्लाइड पूर्ण बंद, ट्रिगर दाबला तर नुसता टक् आवाज आणि चेंबर रिकामा निघाला, पण मॅगझिनमध्ये राउंड आहेत, तर स्लाइड राउंडाच्या डोक्यावरून निघून गेली. एक तर स्प्रिंगने उशीर केला किंवा मॅगझीन पुरतं बसलं नव्हतं. आपल्या १ए मध्ये मॅगझीन नसेल तर ट्रिगर चालत नाही, ही त्याची जुनी खोड. तेव्हा ट्रिगर मेल्यासारखा वाटला तरी पहिला हात मॅगझिनच्या बुडाखाली गेला पाहिजे. (आणि नुसता टक् झाला की लगेच नळीत डोकावणाऱ्यांनो, पिस्तूल टार्गेटकडेच ठेवा आणि थोडं थांबा. उशिरा पेटणारा राउंड माणूस बघून पेटत नाही.)

स्लाइड दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबली, तर मात्र मॅगझिनला उगाच बदनाम करू नका. चेंबरमधली घाण, रिकॉइल स्प्रिंग, नाहीतर राउंडच कुठे चेपलेला. दोन राउंड एकमेकांत घुसले असतील तर आधी चेंबरमध्ये बघा. जुना खोखा आतच असेल तर गुन्हा एक्सट्रॅक्टरचा किंवा चेंबरचा. आत काहीच नसेल आणि दोन जिवंत राउंड एकदम सुटले असतील तर पुन्हा ओठ. आणि शेवटचा राउंड सुटल्यावर स्लाइड मागे थांबत नसेल, तर "चालतंय की" म्हणून सोडून देऊ नका. फायररचा अंगठा स्लाइड स्टॉपवर नव्हता ना एवढं बघा. नसेल तर ती थकलेल्या स्प्रिंगची आगाऊ चिठ्ठी आहे.

हे काही रॉकेटचं शास्त्र नाही. दहावी पास पोराला अर्ध्या तासात समजतं. पण समजायच्या आधी ते दिसलं पाहिजे, आणि आपण स्लाइड खेचून पुरावाच वाळूत टाकतो.

एका जुन्या युनिटमधली गोष्ट. नाव सांगत नाही, विचारूही नका. वार्षिक फायरिंग चालू होतं. ईशान्येकडचा एक पोरगा, लान्स नायक, तीन डिटेलमध्ये तीनदा अडकला. चौथ्यांदा अडकल्यावर हवालदाराने त्याला बाजूला काढून पिस्तूल डोक्यावर धरून बटपर्यंत पळायला लावलं. पोरगा परत आला तेव्हा धापा टाकत होता, हात थरथरत होते. आता या हातांनी तो नीट फायर करणार? मी म्हटलं, "उस्ताद, ज़रा इसका मॅगझीन दिखाना." मॅगझीन घेतलं आणि दुसऱ्या पिस्तुलात घातलं. फायरर दुसरा, तोही युनिटचा जुना शूटर. तिसऱ्या राउंडला अडकला, टोक वर. मग त्या पोराला त्याचंच पिस्तूल आणि दुसरं मॅगझीन दिलं. तेराच्या तेरा सुटले. त्या मॅगझिनचे ओठ दुसऱ्या मॅगझिनशेजारी धरून बघितले तर नुसत्या डोळ्यांनाही फरक दिसत होता.

पुढचं ऐका. खरा राग त्याचा आहे. मी म्हटलं, हे वेगळं ठेवा, आर्मररकडे पाठवा. कोत एनसीओ म्हणाला, "साहब, गिनती में कम पड़ जाएगा." आणि मॅगझीन पेटीत परत गेलं. त्या हवालदाराने पोराला एका शब्दाने काही म्हटलं नाही. पोराने काही मागितलंही नाही. फौजेत तसं मागत नाहीत.

गिनती. या एका शब्दाने आपल्या कोतांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं गंजानेही केलं नसेल. मॅगझीन आहे का? आहे. किती? एवढी. पुरी? पुरी. झाली तपासणी. पण त्यातलं चालतं कोणतं, हे कोण विचारतो? पिस्तुलाला नंबर असतो, त्याचं पुस्तक असतं, कुणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं. मॅगझीन मात्र बेवारस. पेटीत हात घाला, येईल ते घ्या. हरवलं तर चौकशी बसते, म्हणून सगळे त्याला जिवापाड सांभाळतात. आजारी पडलं तर काहीच होत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. हरवलेल्या मॅगझिनपेक्षा आजारी मॅगझीन जास्त धोक्याचं आहे. हरवलेलं निदान ऐनवेळी हातात येत नाही.

आणि हे मी पिस्तुलाबद्दल बोलतोय, ज्याच्याकडे माणूस वळतो तेव्हा बाकी सगळं संपलेलं असतं. रायफल रिकामी, रणगाड्यातून बाहेर उडी मारलेली, खोलीत अंतर चार पावलांचं. दुसरी संधी असते तिथे पिस्तूल लागतच नाही.

काही जण म्हणतील, साहेब, एवढ्या जुन्या हत्याराचं काय घेऊन बसलात, नवीन येतील. येऊ देत. नवीन पिस्तुलालाही पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं मॅगझीनच असणार आहे. आणि याच ९ मिलिमीटर राउंडाने हा धडा जगाला एकदा शिकवलाय. दुसऱ्या महायुद्धातली स्टेन गन आठवा, आपल्या फौजेतही ती होती. तिचं ३२ राउंडांचं मॅगझीन असंच, दोन रांगांची वर एक रांग करणारं. ते इतकं नाजूक की अनुभवी लोक त्यात ३२ कधी भरत नसत, दोन-चार कमीच. २७ मे १९४२ ला प्रागमध्ये हायड्रिखची गाडी वळणावर हळू झाली तेव्हा योझेफ गाब्चिक समोर उभा राहिला, ट्रिगर दाबला, आणि स्टेन चाललीच नाही. त्याचा साथी यान कुबिश याने बॉम्ब फेकला म्हणून काम झालं. त्या दिवशी स्टेनमध्ये नेमकं काय अडलं याचा वाद चालू राहील, पण स्टेन वापरणाऱ्या प्रत्येकाला मॅगझिनची भीती होती यात वाद नाही.

मग ब्रिटिशांनी काय केलं? कलाई घट्ट करा असं सांगितलं? जॉर्ज पॅचेट नावाच्या माणसाने मॅगझीनच नव्याने आखलं. वाकडं, ३४ राउंडांचं, वरपर्यंत दोन्ही रांगा तशाच ठेवणारं, आणि प्लॅटफॉर्मच्या जागी चक्क दोन रोलर, म्हणजे आत धूळ गेली तरी घासाघीस कमी. तीच स्टर्लिंग, जी आपल्याकडे ९ मिलिमीटर कार्बाइन म्हणून कानपूरला बनली. माझ्या वयाच्या प्रत्येक फौजीने ती खांद्याला अडकवली आहे. कार्बाइनला आपण नावं बरीच ठेवली, पण तिच्या मॅगझिनला ठेवल्याचं मला आठवत नाही. राउंड तोच, शिपाई तेच. बदललं होतं फक्त मॅगझीन.

शिपायाला दोष देण्याची खोड फक्त आपली नाही, हेही सांगून टाकतो. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफली अडकायला लागल्या तेव्हा अमेरिकन अधिकारी हेच म्हणत होते, पोरं साफ करत नाहीत. शेवटी १९६७ मध्ये त्यांच्या संसदेची इकॉर्ड समिती बसली. तिने बघितलं तर काडतुसातली दारू बदललेली, आणि पोरांना सफाईचं सामान व शिक्षण धड मिळालेलं नाही. तिथली मुख्य रोक खोखा बाहेर न येण्याची होती, राउंड चढण्याची नव्हती, पण आरोप करण्याची पद्धत अगदी आपलीच. आपल्याकडे कारगिलच्या वेळी इन्सासच्या प्लॅस्टिक मॅगझिनला थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, त्या तेवढ्यापुरत्या पेपरात छापून आल्या. तडा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची बातमी होते. फाकलेल्या ओठाची बातमी होत नाही.

आता दारूगोळ्याचं. "गोली खराब है" हे दुसरं आवडतं वाक्य. ९ मिलिमीटर राउंडाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसतात, ती किरकी फॅक्टरीची, म्हणजे पुण्याजवळच्या आपल्या खडकीची. १८६९ पासूनचा कारखाना. राजस्थानात बसून ती अक्षरं बघितली की घरचं पत्र आल्यासारखं वाटतं, हे आपलं माझं वेड. पण वेड बाजूला ठेवूनही सांगतो, राउंड दोषी आहे हे म्हणायची एक कसोटी आहे. त्याच लॉटचे राउंड वेगवेगळ्या पिस्तुलांत, वेगवेगळ्या मॅगझिनमधून अडकले पाहिजेत. एकाच मॅगझिनमधून अडकत असतील तर लॉटचा काय गुन्हा? हां, राउंड पाऊचमध्ये महिनोन्‌महिने पडून हिरवा झाला असेल, पुन्हा पुन्हा तोच राउंड चेंबरमध्ये चढवून-उतरवून त्याची गोळी आत दबली असेल, तर तो फेकायच्या ढिगातलाच. त्याचा दोष मात्र कारखान्याचा नव्हे, आपल्या पाऊचचा आणि आपल्या सवयीचा.

नवीन पोरं आणखी एक गोष्ट सांगायला लागली आहेत. मोबाइलवर अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघायचे आणि कोतात येऊन म्हणायचं, "साहब, इसका रॅम्प पॉलिश करना पड़ेगा." अरे बाबा, त्यांची तक्रार वेगळी आहे. जुन्या हाय-पॉवरच्या रॅम्पला एक उंचवटा असतो, त्यावर त्यांच्या पोकळ टोकाच्या गोळ्या अडखळतात. आपण पोकळ टोकाची गोळी वापरत नाही. फौजांनी ती लढाईत वापरू नये हे १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं. आणि ती भानगड सुरू झाली कुठून, तर कलकत्त्याजवळच्या डमडमहून, इशापूरपासून फार लांब नाही. गोल टोकाच्या, पूर्ण आवरणाच्या आपल्या गोळीसाठी तो रॅम्प पुरेसा आहे. त्यावर एमरी पेपर घासणारा माणूस आजार नसलेल्या जागेचं ऑपरेशन करतोय. एकदा उतार खाल्ला गेला की खोख्याच्या बुडाला खालून मिळणारा आधार कमी होतो. मग नुसती रोक पडण्यावर भागत नाही.

दुसरे पक्कडबहाद्दर. ओठ फाकले? आण पक्कड. दाबले, झालं. स्प्रिंग मेली? काढून दोन्ही हातांनी ताणली, झालं. त्या दिवशी चालतं, हे मान्य. म्हणूनच ही विद्या टिकून आहे. ताणलेली स्प्रिंग काही दिवसांत परत बसते. दाबलेल्या ओठाला आतून चीर जाते किंवा तो एका बाजूला जास्त वाकतो, आणि मग तेच मॅगझीन कधी चालतं, कधी नाही. कायम न चालणारं परवडलं, निदान ओळखू येतं. हे काम आर्मररचं, त्याच्या मापाने. त्याच्याकडून होत नसेल तर मॅगझीन बाद. तिसरा रस्ता नाही.

आणि ते "तेरा नहीं, दस भरो" वालं शहाणपण. मी स्वतः ज्येष्ठांकडून ऐकलंय आणि त्यांच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, ज्या मॅगझिनमध्ये दहाच भरून चालतं ते मॅगझीन आजारी आहे. तीन राउंड कमी भरून आपण त्याचा आजार झाकतो, आणि झाकलेला आजार पुढच्या माणसाला देतो, ज्याला हे दहाचं गुपित कुणी सांगितलेलं नसतं. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीतीही अर्धी खरी. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती थकते रोजच्या भरण्या-उपसण्याने, आणि गंजाने.

गंज म्हटलं की आसाम आठवतं. पावसाळ्यात चामड्याच्या पाऊचमध्ये मॅगझीन आठवडाभर ठेवा आणि मग बाहेर काढून बघा. चामडं पाणी धरून ठेवतं, पोलाद त्याचा हिशेब चुकता करतं. लडाखमध्ये उलटं, तिथे जास्त तेल घातलेलं हत्यार सकाळी जड चालतं, कारण थंडीत तेल घट्ट होतं. आणि इथे वाळवंटात तेल म्हणजे वाळूला आमंत्रण. तेल आणि बारीक वाळू मिळून घासायचा मसालाच तयार होतो. पिस्तुलाच्या रेल्सवर हलका हात ठीक, पण मॅगझिनच्या आतून तेल पुसून कोरडं करा. तरीही प्रत्येक कोतात एक भाविक असतोच, जो मॅगझिनमध्ये तेलाचं बोट बुडवल्याशिवाय ड्युटी संपवत नाही. तपासणीला चमकलं पाहिजे ना!

मॅगझीन भरणं हे आपल्याकडे ज्युनियरचं काम समजतात. साहेब चहा पितात, पोरं राउंड भरतात. त्यांना आठवण द्यावीशी वाटते. पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला कसे गेले? डावा हात प्लास्टरमध्ये, एलएमजीवाली पोरं पडलेली, आणि कंपनीचा कमांडर स्वतः बसून मॅगझिनं भरून गनरला देत होता. तेवढ्यात दारूगोळ्यावर मॉर्टरचा गोळा पडला. मॅगझीन भरणारा हात कंपनी कमांडरचा असू शकतो, तर मॅगझीन तपासणारा डोळा सुभेदाराचा असायला काय हरकत आहे?

आता निवृत्त सुभेदार साहेब मंडळी म्हणतील, आणि मी त्यांचा विद्यार्थी आहे म्हणून आदराने ऐकतो, "अरे बाबा, लढाईत टोक वर आहे की खाली हे कोण बघणार? फौरी इलाज कर आणि पुढचा राउंड मार." शंभर टक्के बरोबर. मी फौरी इलाजाच्या विरोधात नाही. मॅगझिनला खालून थाप, स्लाइड खेच, फायर; हे झोपेतही जमलं पाहिजे, त्यावर रगडा द्या, मी स्वतः देतो. पण रेंज ही लढाई नाही. लढाईत रोक काढायची असते, रेंजवर ती पकडायची असते. दोन्ही प्रॅक्टिस वेगळ्या ठेवा. एका दिवसात फौरी इलाज घ्या. दुसऱ्या डिटेलला सांगा, आज रोक पडली तर काही करायचं नाही. पिस्तूल टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, दुसरा हात वर. उस्ताद येईल, बघेल, वहीत लिहील. मग मॅगझीन बदला, पिस्तूल तेच. मग पिस्तूल बदला, मॅगझीन तेच. मग फायरर बदला. एका वेळी एकच गोष्ट. कलाई खरंच ढिली असेल तर तीही यातच उघडी पडते, आणि तेव्हा जवानाला जे सांगायचं ते पुराव्यानिशी सांगा. ढिल्या मनगटाने स्लाइडचा जोर जातो हे खोटं नाही. पण मनगटाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

खर्च? रंगाची एक डबी आणि एक वही. मॅगझिनच्या बुडावर नंबर, वहीत चार रकाने: पिस्तूल कोणतं, मॅगझीन कोणतं, कितवा राउंड, टोक कुठे. एका फायरिंग सीझनमध्ये ती वही स्वतः बोलायला लागते, उस्तादाला ओरडावं लागत नाही.

इथल्या कोतात गेल्या हिवाळ्यापासून आम्ही हे चालू केलंय. आमच्या सीओ साहेबांनी परवानगी दिली, क्वार्टर मास्टर साहेब आधी हसले आणि मग रंगाची डबी त्यांनीच आणून दिली. सुरुवातीला पोरांना हात वर करायची लाज वाटायची, जणू कबुलीच द्यायची आहे. आता एखादा स्वतःहून येऊन म्हणतो, "साहब, सात नंबर फिर वही कर रहा है." वहीत सात आणि अकरा नंबरच्या मॅगझिनसमोर पुन्हा पुन्हा एकच शब्द आहे, 'वर'. दोघांवर लाल पट्टा मारून ती कोतातच वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवली आहेत. गिनतीत धरली जातात, फायरिंगला जात नाहीत. बदलीचा कागद वर गेला आहे, अजून सही होऊन आलेली नाही.